प्रकल्प नोंदी: एजंटच्या टार्गेटची तिमाही

५ जानेवारी, सोमवार

प्रकल्पाला नाव दिलेलं नाही, फाइलवर नुसतं ‘तिमाही’ लिहिलंय. मुदत मार्चअखेर. काम एवढंच की आम्हा दोघांची, म्हणजे माझी आणि अलीकडेच रुजू झालेल्या सहकाऱ्याची, टार्गेटं नव्याने मांडायची आणि तीन महिने चालवून बघायची.

घोडं कुठे अडतं ते आधी लिहून ठेवते. घरं-जागा विकणाऱ्या एजंटचं टार्गेट बहुतेक वेळा व्यवहारांच्या संख्येत नाहीतर कमिशनच्या रकमेत असतं, आणि दोन्ही आपल्या हातात नसतात. खरेदीदाराचं कर्ज मंजूर होणं, मालकाच्या भावाने सहीला तयार होणं, कागदपत्रांत जुना बोजा न निघणं, यातलं काहीही आपण चार फोन जास्त केल्याने घडत नाही. त्यात पहिल्या फोनपासून कमिशन खात्यात पडेपर्यंत महिने जातात. जागा दाखवणं, किमतीची बोलणी, टायटलची म्हणजे मालकीहक्काची तपासणी, बँक, करार, नोंदणी. आज खात्यात दिसणारी रक्कम ही तीन-चार महिन्यांपूर्वीच्या कामाची असते. आजच्या कामाची पावती कधी येईल ते सांगता येत नाही. हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी टार्गेट ठरवताना हा मधला काळ कोणी धरत नाही.

तक्त्यात तीन रकाने केलेत. पहिला ‘निकाल’: झालेले व्यवहार. दुसरा ‘टप्पे’: योग्य किमतीच्या लिस्टिंग (विकायला आमच्याकडे आलेल्या जागा), दुसऱ्यांदा जागा बघायला आलेल्या पार्ट्या, हातात आलेले टोकन. तिसरा ‘काम’: आज मी स्वतः काय करणार. निकाल महिन्यातून एकदाच बघायचा. काम रोज.

८ जानेवारी

सहकारी त्याच्या आधीच्या ट्रेनिंगमधला ‘स्मार्ट’ टार्गेटचा छापील नमुना घेऊन आला. विशिष्ट, मोजता येईल असं, मुदतीचं वगैरे. हे सूत्र जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली मांडलं. त्यांच्या मूळ मांडणीत ‘हे काम कोणाच्या अंगावर’ हाही एक निकष होता. आज मिळणाऱ्या बहुतेक नमुन्यांतून नेमका तोच गळलाय. आमच्याकडे भिजत घोंगडं पडतं ते याच ठिकाणी: मालकाला प्रतिक्रिया कोण कळवणार, बँकेत कोण विचारणार, हे दोघांनाही वाटतं की दुसरा करतोय. चौथा रकाना घातला: ‘कोण’.

बाकी नमुना ठेवून दिला. त्याने भरून आणलेलं टार्गेट ‘या तिमाहीत अमुक व्यवहार’ असंच होतं. ते मोजता येतं, पण करता येत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आज उलटा हिशोब. ही पद्धत जुनीच आहे. हवे तेवढे व्यवहार शेवटी लिहायचे आणि मागे मागे यायचं. समजा वर्षाला १२ व्यवहार हवेत. गंभीर खरेदीदारांपैकी दहात एक पूर्ण होत असेल तर १२० गंभीर खरेदीदार लागतील, म्हणजे महिन्याला १०. पाच चौकश्यांमागे एक गंभीर निघत असेल तर महिन्याला ५० चौकश्या. आकडा डोळ्यांसमोर आला की निम्मी धास्ती जाते. मग प्रश्न उरतो तो फक्त या ५० येणार कुठून, एवढाच.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण सोडून देतात. हे प्रमाण सगळ्या चौकश्यांचं मिळून काढलं तर ते फसवतं. जुन्या ग्राहकाने पाठवलेला माणूस, पोर्टलवरून, म्हणजे जागांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवरून आलेली लीड (चौकशी) आणि बोर्ड बघून फोन करणारा, या तिघांची जातकुळी वेगळी. पोर्टलवरच्या लीड वाढल्या की एकूण प्रमाण घसरतं, आणि आपल्याला वाटतं आपली बोलण्याची हातोटी गेली. गेलेलं काही नसतं, चौकश्यांची सरमिसळ बदललेली असते. म्हणून तिन्हींचा हिशोब वेगळा ठेवायचा. जुन्या डायऱ्यांमधून ही माहिती काढायचं काम माझ्याकडे.

१५ जानेवारी

डायऱ्या बघते आहे. ‘चौकशी कुठून आली’ हे सगळीकडे लिहिलेलं नाही. जेवढं आहे तेवढ्यावर काम भागवते.

२१ जानेवारी, बुधवार

सहकारी दुपारी येऊन बसला. चेहरा उतरलेला. “ताई, दहात एक म्हणालात ना? माझे दहा कधीच होऊन गेले. एकही बसला नाही. मला जमत नाहीये बहुतेक.”

त्याला मी कागदावर गणित करून दाखवलं. ते इथेही लिहून ठेवते, कारण हे मलाही दर काही महिन्यांनी लागतं.

प्रत्येक गंभीर खरेदीदाराशी व्यवहार होण्याची शक्यता दहात एक धरली, तर एकाशी न होण्याची ९० टक्के. सलग दहांशी न होण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळजवळ ३५ टक्के. जो एजंट आपलं काम चोख करतोय, त्याचेही दहाच्या दहा जण हातचे जाणं हे तीनांत एकदा घडणारच. सलग वीस कोरे जाण्याची शक्यता १२ टक्के. तीही दुर्मीळ म्हणता येत नाही. तीस कोरे गेले तर मात्र शक्यता चार टक्क्यांवर येते. तिथे थांबून कामाकडे बघायला हवं: किंमत चुकतेय, लीड चुकीच्या आहेत, की बोलण्यात काही राहतंय.

‘दहात एक’ याचा अर्थ दहावा माणूस नक्की सही करेल असा कोणीच सांगितलेला नसतो, पण मन तो तसाच घेतं. आठव्या-नवव्या नकारापर्यंत उमेद टिकते आणि अकराव्याला माणूस खचतो. त्याच्या कामात त्या दिवशी काहीच बदललेलं नसतं.

“म्हणजे कोरं जाणं हा पुरावा नाही?”

“दहाला नाही. तिसाला आहे.”

हे त्याला पटलं. निदान पटल्यासारखं दिसलं. भिंतीवर लावायला त्याने तेच तीन आकडे लिहून घेतले: ३५, १२, ४.

२३ जानेवारी

त्याचं टार्गेट बदललं. कारण असं की मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांच्या १९६८ च्या मांडणीपासून पुढे गॅरी लॅथम यांच्याबरोबरच्या कामापर्यंत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: ‘जमेल तेवढं चांगलं करा’ यापेक्षा नेमकं आणि अवघड टार्गेट दिलं तर माणसं जास्त काम करतात. हे वाक्य सगळ्या सेल्स ट्रेनिंगमध्ये ऐकू येतं. त्याची दुसरी बाजू ऐकू येत नाही. काम गुंतागुंतीचं असेल आणि ते कसं करायचं हेच अजून येत नसेल, तर निकालाचं अवघड टार्गेट माणसाला गोंधळवतं. अशा वेळी शिकण्याचं टार्गेट जास्त उपयोगी पडतं, हेही लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्याच प्रयोगांतून पुढे आलं.

नव्या एजंटला धंदा ‘येत’ नसतो. त्याला व्यवहारांचा आकडा देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला वेळ लावून दिल्यासारखं.

तर मार्चअखेरपर्यंत त्याच्या रकान्यात व्यवहार नाहीत. प्रत्येक पार्टीशी बोलताना तीन गोष्टी काढायच्या आणि लिहायच्या. जागा आत्ताच का हवी आहे? निर्णय घेताना घरातलं आणखी कोण बोलणार? आधी बघितलेल्यांतली कोणती जागा का नाकारली? तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. माणसाला काय हवंय ते तो सांगतो त्यापेक्षा त्याने काय नाकारलं त्यातून जास्त कळतं. ‘हवेशीर पाहिजे’ प्रत्येक जण म्हणतो. पण ‘ती जागा चांगली होती, फक्त आईला जिने चढायचे होते’ हे ऐकलं की पुढच्या निम्म्या जागा दाखवायच्या वाचतात.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळचा पहिला तास फोनसाठी राखून ठेवायचा, हे पाळणं सर्वांत जड जातंय. पोर्टलची सूचना आली की हात तिकडे जातो. सूचना बहुतेक वेळा फुकट असते आणि क्वचित कामाची निघते. ती कधी कामाची निघेल हे माहीत नसल्यामुळेच तर परत परत बघावंसं वाटतं.

इच्छाशक्तीवर भार न टाकता जर-तरची वाक्यं करून ठेवतोय. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलंय: नुसतं ‘मी हे करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी बांधून ठेवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. आमची वाक्यं अशी:

जागा दाखवून गाडीत बसले की गाडी सुरू करण्याआधी मालकाला पार्टी काय म्हणाली ते कळवायचं. पार्टी ‘विचार करून सांगतो’ म्हणाली की तिथेच विचारायचं, “मी गुरुवारी फोन करू की शनिवारी?” नकार आला की पुढचा फोन लगेच लावायचा, मध्ये उठायचं नाही.

यातलं पहिलं वाक्य कागदावर सगळ्यांत क्षुल्लक दिसतं, पण मालक एजंट बदलतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. त्याच्या जागेवर गिऱ्हाईक येऊन गेलं आणि त्याला कोणी काही सांगितलंच नाही.

६ फेब्रुवारी

सकाळचा तास एक दिवस बुडाला म्हणून सहकारी म्हणाला, “मालिका तुटली.” मी त्याला फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास सांगितला. नवी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ पर्यंत फरक होता. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे छापलेलं असतं, त्याच्यावर कितीतरी लोकांनी बाविसाव्या दिवशी प्रयत्न सोडले असतील.

११ फेब्रुवारी, बुधवार

मोठा व्यवहार मोडला. टोकन झालेलं, कराराचा मसुदा तयार. खरेदीदाराच्या बँकेने कर्जाची रक्कम कमी केली आणि उरलेली तफावत भरायची त्याची तयारी नव्हती. मालक थांबायला तयार नव्हता. कोणाचीच लबाडी नाही, त्यामुळे रागही कोणावर काढता येत नाही.

अशा दिवसाचं काय करायचं हा या प्रकल्पातला खरा प्रश्न. उत्साहाची भाषणं इथे कामाला येत नाहीत.

डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की तेवढ्याच रकमेच्या नफ्यापेक्षा तोटा मनाला जास्त लागतो. त्यांच्या १९९२ च्या कामात हा फरक सव्वादोन पटीच्या आसपास निघाला. आता एजंटचं बघा. कमिशन अजून मिळालेलंच नसतं, म्हणजे हिशोबाने तोटा शून्य. पण टोकन झाल्या दिवसापासून आपण मनातले मांडे खात असतो, त्या पैशाचं काय करायचं तेही ठरलेलं असतं. त्यामुळे व्यवहार मोडतो तेव्हा ‘मिळालं नाही’ असं न वाटता ‘खिशातून गेलं’ असं वाटतं, आणि ते सव्वादोन पटीने लागतं.

यावर उपाय हिशोबाचा आहे. पाइपलाइनमधल्या, म्हणजे अजून पूर्ण व्हायच्या असलेल्या, प्रत्येक व्यवहारापुढे पूर्ण कमिशन लिहायचं नाही, टप्प्यानुसार कापून लिहायचं. नुसती बोलणी चालू असतील तर १० टक्के, टोकन झालं तर ५०, कर्जाचं मंजुरीपत्र हातात आलं तर ८०. खात्यात आल्यावरच १००. हे आकडे शास्त्रीय नाहीत, आमचे आम्ही ठरवलेत. वर्षभराच्या नोंदी झाल्या की दुरुस्त करू. आजच्या व्यवहारापुढे ५० टक्के लिहिलेले होते. तक्त्यातून तेवढेच गेले. दुःख निम्मं झालं असं म्हणणार नाही, पण संध्याकाळी पुढचा फोन लावता आला.

आणि टप्प्यांमध्ये एक नवी पायरी घातली: टोकन घेण्याआधी कर्जाची पूर्वमंजुरी बघायची. हे उमेदीचं काम नाही, पण उमेद वाचवणारं नक्की आहे.

१९ फेब्रुवारी

फोनचा रकाना बघताना एक गंमत दिसली. शुक्रवारी दुपारनंतर फोनची संख्या फुगते. कोणाला? ओळखीच्यांना. ‘सहज केला होता’ या जातीचे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि परत येऊन रकान्यात एक रेघ ओढायची. सहकारीच असं करतो असं नाही, रकाना समोर ठेवला की कोणाचाही हात तिकडे वळतो. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात जे म्हटलं ते इथे तंतोतंत बसतं: एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्याचा जुना भरवसा राहत नाही.

फोन मोजणं बंद. आता मोजायचे ते ‘पुढचं पाऊल ठरलेले संवाद’. बोलणं संपताना तारीख, जागा किंवा कागद यांपैकी काहीतरी ठरलं असेल तरच रेघ. पार्टीने स्पष्ट नाही म्हटलं तरी रेघ, कारण नाव यादीतून निघालं. ‘बघू’ला रेघ नाही.

स्पष्ट नकाराला रेघ देण्यावर सहकाऱ्याने भुवया उंचावल्या. पण त्याने वेळ किती वाचतो हे महिनाभरात दिसेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लिस्टिंगच्या आकड्याचीही तीच कथा. जादा किमतीची लिस्टिंग घेणं सोपं असतं. मालक म्हणेल ती किंमत मान्य करायची की झालं. रकाना भरतो, बोर्ड लागतो, आणि पुढचे महिने ती जागा आपली उमेद खात बसते. गिऱ्हाईक येतं, किंमत ऐकतं, निघून जातं.

मालक किंमत का सोडत नाही याचा चांगला अभ्यास डेव्हिड जेनसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी २००१ मध्ये मांडला. बॉस्टनच्या मध्यवर्ती भागातल्या फ्लॅटच्या नोंदी होत्या, १९९० च्या दशकातल्या. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळणार होतं त्यांनी मागणी चढी ठेवली, आणि त्यांचे फ्लॅट बाजारात जास्त काळ पडून राहिले. बाजाराला मालकाने किती दिले होते याच्याशी देणंघेणं नसतं. मालकाला मात्र तेवढंच आठवत असतं. हे माहीत असलं की मालकाशी बोलताना आपला सूर बदलतो. तो हट्टी नसतो, त्यालाही फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी मला जे वाटलं तेच वाटत असतं.

आता लिस्टिंग मोजायची ती अलीकडच्या प्रत्यक्ष विक्रीच्या किमतींशी ताडून घेतलेली असेल तरच.

४ मार्च

दोन व्यवहार लागोपाठ पूर्ण झाले. नोंदणी, ताबा, सगळं. निकालाच्या रकान्यात बऱ्याच दिवसांनी काहीतरी पडलं. आनंद आहेच.

आणि आज कोणालाच सकाळचा तास करायचा नव्हता.

कॅमेरर, बॅबकॉक, लोवेनस्टाइन आणि थेलर यांचा १९९७ चा न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांवरचा अभ्यास आठवला. ज्या दिवशी धंदा चांगला, त्या दिवशी चालक लवकर घरी जाताना दिसले, जणू दिवसाचं टार्गेट झालं की संपलं. पुढे हेन्री फार्बर यांनी दुसऱ्या नोंदी तपासून २००५ मध्ये यावर शंका घेतली. त्यांच्या मते काम थांबण्याचा संबंध किती तास झाले याच्याशी जास्त आहे. टॅक्सीवाल्यांचं खरं काय ते त्यांचं त्यांना माहीत. एजंटच्या बाबतीत मला शंका नाही. व्यवहार झाला की फोन थांबतात, आणि तीन-चार महिन्यांनी पाइपलाइन कोरडी पडते. तेव्हा माणूस बाजाराला नाहीतर नशिबाला दोष देतो, कारण मधलं अंतर इतकं असतं की मार्चमधला रिकामा आठवडा जूनमध्ये कोणाला आठवत नाही.

तक्त्यात नियम लिहिला: व्यवहार झालेल्या आठवड्यात कामाचा रकाना अर्धा करायचा, शून्य नाही. पूर्ण ठेवला असता तर कोणीच पाळला नसता.

१३ मार्च

रोज संध्याकाळी दोन ओळी लिहिणं सुरू आहे: आज काय पुढे सरकलं. टेरेसा अमाबिली आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या सुमारे १२,००० रोजनिशी नोंदी तपासल्या होत्या. माणसांचे चांगले दिवस बहुधा तेच होते ज्या दिवशी अर्थपूर्ण काम थोडंसं का होईना पुढे गेलं. आमच्याकडे ‘पुढे जाणं’ दिसायला फार किरकोळ असतं. टायटलची प्रत मिळाली. दोन भावांतला एक तयार झाला. मालकाने चावी आमच्याकडे ठेवली. लिहिलं नाही तर हे दिवसाच्या गडबडीत विरून जातं आणि रात्री ‘आज काहीच झालं नाही’ एवढंच उरतं.

सहकारी एका ओळीवर आलाय. चालेल.

२४ मार्च, मंगळवार

तिमाही संपायला आठवडा. आज सहकाऱ्याने विचारलं, “ताई, मालकाला सांगू का किंमत थोडी कमी करा म्हणून? या महिन्यात बसून जाईल.”

याच्यावर तासभर बोललो. स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हरसन यांनी २००८ मध्ये शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकताना ग्राहकाच्या तशाच घरापेक्षा साधारण ३.७ टक्के जास्त किंमत घेतात आणि ते घर सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात. कारण उघड आहे. किंमत थोडी वाढली तर मालकाला त्यातलं जवळजवळ सगळं मिळतं, एजंटच्या वाट्याला त्याचा एक बारीकसा तुकडा येतो. त्यामुळे लवकर मिटवणं एजंटच्या सोयीचं. याच्या जोडीला महिनाअखेरचं टार्गेट आलं की सल्ला आणखी वाकतो, आणि देणाऱ्यालाही तो वाकलाय हे कळत नाही.

टार्गेटमुळे कामाची गती येते हे खरं. पण ते मालकाच्या पैशातून पुरं करायचं नाही. नियम लिहिला: महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किंमत कमी करण्याचा सल्ला द्यायचा असेल तर कारण आधी फाइलमध्ये लिहायचं, आणि ते कारण पुढच्या महिन्याच्या पाच तारखेलाही लागू पडायला हवं. त्याच्या आजच्या प्रकरणात तसं कारण सापडलं नाही. फोन केला नाही.

३१ मार्च

निकालाचा रकाना: ठीक. मोडलेला व्यवहार धरला असता तर चांगला म्हणता आला असता. तीन महिन्यांवरून काही सिद्ध होत नाही. आजच्या व्यवहारांचं मूळ मागच्या वर्षात आहे, आणि या तिमाहीतल्या कामाचं काय झालं ते जून-जुलैत दिसेल. पुढच्या तिमाहीची पाइपलाइन, टक्के कापून, आत्ताच जानेवारीपेक्षा जड आहे.

सहकाऱ्याच्या तीन प्रश्नांच्या नोंदींनी त्याचा नाही, माझा एक व्यवहार जुळवला: जिने नको असलेल्या आईचा. त्याला कमिशनमधला वाटा दिला. एप्रिलपासून त्याच्या रकान्यात व्यवहारही घालायचे, पण लहान आकडा, आणि तीन प्रश्न चालूच.

‘कोण’ हा रकाना राहणार. सकाळचा तास राहणार, पोर्टल बंद ठेवून. चौकशी कुठून आली ते लिहिणं अजूनही अर्धवट होतंय. फॉर्ममध्येच ती जागा सक्तीची करायची, हे काम माझ्याकडे, सोमवारपर्यंत. जुन्या ग्राहकांची यादी तो करणार, त्यात व्यवहार मोडलेल्या खरेदीदाराचंही नाव घालायला सांगितलंय. बँक बदलली तर तो परत येईल.